सामायिक अवजारांची संस्था : एक्लिप्स फाउंडेशनची वाटचाल

वेबसाठी कोड लिहिणाऱ्या माणसाचा बहुतेक दिवस एडिटरच्या खिडकीत जातो. कोणता एडिटर चांगला, यावर वर्गांत, कार्यालयांत आणि वसतिगृहांत वाद रंगतात. कोणाला व्हीएस कोडचा सुटसुटीतपणा आवडतो, कोणाला इंटेलिजेची जाण, तर कोणी विमशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. या वादांत वेग येतो, रंगसंगती येते, शॉर्टकट येतात. एक प्रश्न मात्र राहून जातो. हे अवजार आहे कोणाचे? मालकाने उद्या काम थांबवले, तर ते कोण चालवणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ॲडोबीने खास वेबसाठी काढलेल्या ब्रॅकेट्स या एडिटरचा पाठिंबा १ सप्टेंबर २०२१ रोजी काढून घेतला. गिटहबचा ॲटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला. दोन्हींचा कोड खुला होता, दोन्हींवर जीव लावणारे लोक होते. त्या लोकांनी आपापल्या प्रती काढून काम पुढे नेले, हे खरे. पण मूळ घर मोडले ते मोडलेच. दोन्हींच्या मागे एकेकच कंपनी होती, आणि तिचे गणित बदलताच एडिटरचे दिवस भरले.

याउलट एक नाव २००१ पासून टिकून आहे : एक्लिप्स. त्याची लोकप्रियता चढली, शिखरावर गेली आणि पुष्कळ उतरलीही. तरी ते बंद पडले नाही, कारण त्याच्यामागे कंपनी नव्हे, संस्था उभी आहे. वेब प्रोग्रॅमिंगच्या साधनांत गेल्या पाव शतकात झालेले अनेक मोठे बदल या संस्थेच्या अंगणातून गेले आहेत. म्हणून तिची वाटचाल सांगणे म्हणजे एडिटरांची तुलना मुळापासून मांडणे होय.

ओटावा आणि झुरिक

एक्लिप्सचे मूळ कॅनडाच्या राजधानीत, ओटावात आहे. तिथे डेव्ह थॉमस यांनी स्थापन केलेली ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल ही छोटी कंपनी स्मॉलटॉक भाषेसाठी उत्तम साधने बनवत असे. १९९६ मध्ये आयबीएमने ती विकत घेतली आणि तिच्या मंडळींकडून व्हिज्युअलएज या नावाची साधने करून घेतली. गंमत अशी की, जावासाठीचे व्हिज्युअलएज स्मॉलटॉकमध्येच लिहिलेले होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयबीएमपुढे खरी अडचण होती. तिच्या घरातच डझनभर साधने होती, आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा. एकात लिहिलेले दुसऱ्यात उघडत नसे. वेबचे काम करणाऱ्याला तर एकाच वेळी जावा, एचटीएमएल, एक्सएमएल, डेटाबेस आणि सर्व्हर अशा पाच गोष्टी हाताळाव्या लागत. या सगळ्यांना पोटात घेणारा एकच पाया बांधावा, असे ठरले. ओटावातील गट आणि झुरिकच्या प्रयोगशाळेतील गट यांनी तो बांधायला घेतला. झुरिकमध्ये एरिक गामा होते : 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथाच्या चार लेखकांपैकी एक आणि केंट बेक यांच्याबरोबर जेयुनिट घडवणारे. जावाच्या साधनांची बाजू त्यांनी सांभाळली.

त्या वेळचे तीन निर्णय पुढे निर्णायक ठरले. पहिला, गाभा अगदी लहान ठेवायचा आणि बाकी सर्व काही प्लगइन म्हणून जोडायचे. जावाचा एडिटरसुद्धा या पायावर एक प्लगइनच असेल, त्याला वेगळी सवलत नाही. दुसरा, खिडक्या आणि बटणे त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचीच वापरायची. जावाच्या स्विंगमध्ये सगळे घटक नव्याने रंगवले जात. एक्लिप्सने एसडब्ल्यूटी हे स्वतःचे साधन घडवले, आणि त्यामुळे ते विंडोजवर विंडोजसारखे आणि लिनक्सवर लिनक्ससारखे दिसू लागले. तिसरा, कंपायलर स्वतःचा लिहायचा, आणि तो असा की एखादी ओळ बदलली तर तेवढ्यापुरतेच काम करील. फाइल सेव्ह करताच चूक समासात लाल खुणेने दिसणे आज आपण गृहीत धरतो. जावा लिहिणाऱ्या असंख्य लोकांना त्याची सवय एक्लिप्सने लावली.

या कंपायलरचे आणखी एक काम फारसे कोणाला ठाऊक नसते. अपाचे टॉमकॅट हा सर्व्हर जेएसपीची पाने चालवण्याआधी त्यांचे जावात रूपांतर करतो आणि ती जावा कंपाइल करतो. त्यासाठी टॉमकॅटबरोबर येणारा कंपायलर एक्लिप्सचाच आहे. ज्यांनी एक्लिप्स कधी उघडले नाही, त्यांच्याही संकेतस्थळांच्या पोटात त्याचा हा तुकडा काम करत आला.

समूह ते संस्था

नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमने हा सारा कोड खुला केला. त्याची किंमत तेव्हा ४ कोटी डॉलर सांगितली गेली. त्याबरोबर एक समूहही जाहीर झाला : आयबीएम, बोरलँड, मेरंट, क्यूएनएक्स, रॅशनल, रेड हॅट, सुसे, टुगेदरसॉफ्ट आणि वेबगेन. २००३ च्या अखेरीस सभासदांची संख्या ८० च्या वर गेली.

तरीही एक शंका हटेना. कोड खुला असला, तरी दोरी आयबीएमच्याच हातात आहे, असे स्पर्धकांना वाटत होते. सन मायक्रोसिस्टिम्सकडे स्वतःचे नेटबीन्स होते. प्रागच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प सनने १९९९ मध्ये घेतला आणि २००० मध्ये खुला केला. दोन्ही बाजूंमध्ये बोलणी झाली. डिसेंबर २००३ मध्ये सनने एक्लिप्समध्ये न येण्याचा निर्णय जाहीर केला.

त्यानंतर आयबीएमने जे केले, ते या सगळ्या वाटचालीतले सर्वांत मोठे पाऊल आहे, असे मी मानतो. २००४ च्या आरंभी एक्लिप्स फाउंडेशन ही स्वतंत्र ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि आयबीएमने आपल्या हातातली दोरी सोडली. माइक मिलिंकोविच कार्यकारी संचालक झाले. संस्थेचा कर्मचारीवर्ग कोणत्याही एका सभासद कंपनीचा नोकर उरला नाही.

महाराष्ट्राला सहकार नवा नाही, पण या संस्थेची रचना सहकारी संस्थेसारखी नाही. एक सभासद, एक मत असे इथे चालत नाही. मोठी वर्गणी आणि मनुष्यबळ देणाऱ्या कंपन्यांना संचालक मंडळावर थेट जागा मिळते. बाकीच्या सभासद कंपन्या आपले प्रतिनिधी निवडून देतात. आणि प्रत्यक्ष कोड लिहिणारे, ज्यांना कमिटर म्हणतात, तेही आपले प्रतिनिधी निवडून मंडळावर पाठवतात. कमिटर होण्यासाठी पैसे लागत नाहीत, काम लागते. आधी सुधारणा पाठवायच्या, त्या स्वीकारल्या गेल्या की प्रकल्पातल्या कमिटरांनी मतदान करून नव्याला आत घ्यायचे. पैशाचा अधिकार आणि कामाचा अधिकार असे दोन वेगळे रस्ते ठेवल्यामुळे संस्थेला तोल आला.

संस्थेचे दुसरे मोठे काम कंटाळवाणे वाटेल, पण तिचा जीव त्यातच आहे. आलेला कोड कोणी लिहिला, त्यावर कोणाचा हक्क आहे, त्याचा परवाना काय, याची छाननी होते. एक्लिप्सचा परवानाही असा बेतला की, कंपन्यांना त्यावर आपली विक्रीची उत्पादने उभारता यावीत, पण मूळ कोडमध्ये केलेले बदल खुले ठेवावेत. या भरवशामुळे एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या एकाच पायावर आपली दुकाने मांडू शकल्या. २००५ मध्ये बोरलँड आणि बीईए या कंपन्या वरच्या दर्जाच्या सभासद झाल्या. पुढे बोरलँडने आपले गाजलेले जेबिल्डरही एक्लिप्सच्या पायावर आणले.

भरतीचे दिवस

जून २००४ मध्ये एक्लिप्सची ३.० ही आवृत्ती आली. तिने पाया ओएसजीआय या मानकावर नेला आणि एक्लिप्सच्या चौकटीत एडिटर नसलेली सॉफ्टवेअरही बनू लागली. २००६ पासून संस्थेने एक शिस्त पाळली : सगळ्या प्रमुख प्रकल्पांनी जून महिन्यात एकाच दिवशी आपली आवृत्ती द्यायची. पहिल्या वर्षी कॅलिस्टो या नावाखाली १० प्रकल्प एकत्र आले. मग युरोपा, गॅनिमीड, गॅलिलिओ, हेलिऑस, इंडिगो अशी नावे दर जूनला येत राहिली. वेगवेगळ्या कंपन्यांत, वेगवेगळ्या देशांत बसलेल्या, एका साहेबाच्या हाताखाली नसलेल्या गटांनी तारीख न चुकवता एकत्र माल देणे ही साधी गोष्ट नव्हती. मुक्त सॉफ्टवेअर वेळेवर येत नाही, हा समज या शिस्तीने खोडून काढला.

वेबच्या कामासाठी डिसेंबर २००५ मध्ये आलेला वेब टूल्स प्लॅटफॉर्म महत्त्वाचा. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एक्सएमएल आणि जेएसपी यांचे एडिटर त्यात होते, आणि सर्व्हरही आतूनच सुरू-बंद करता येत असे. प्रकल्पावर उजवे क्लिक करून तो सर्व्हरवर चालवायचा, सर्व्हलेटमध्ये थांबा लावायचा आणि ब्राउझरमधून आलेली विनंती तिथे येऊन थांबली की एकेक चल तपासायचा, हे सारे एका खिडकीत होऊ लागले. २००७ मध्ये पीएचपीसाठी पीडीटी आले. ॲप्टाना स्टुडिओ, पायडेव्ह, स्प्रिंगची साधने, सगळी याच पायावर. गुगलनेही अँड्रॉइड ॲप बनवण्याचे अधिकृत साधन आरंभी एक्लिप्सचे प्लगइन म्हणूनच दिले.

त्या काळात पर्याय दोन होते. नेटबीन्स उतरवून घेतले की सगळे आतच असे. नवशिक्यासाठी ते सोपे होते. २००१ मध्ये आलेले जेटब्रेन्सचे इंटेलिजे कोड समजून घेण्यात सरस होते : नाव बदलले तर ते कुठे कुठे बदलायचे, हे त्याला नेमके कळे. पण ते विकत घ्यावे लागे. त्याची मोफत, खुली आवृत्ती २००९ मध्ये आली. एक्लिप्स मात्र फुकट, खुले आणि वाटेल तसे वाढवता येणारे. पुण्या-मुंबईच्या जावा क्लासेसमध्ये आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमध्ये ते घरचे होऊन बसले, ते याच कारणाने.

मराठीत पाने बनवणाऱ्याला मात्र एक्लिप्सने बराच काळ जाच दिला. विंडोजवर नवे वर्कस्पेस उघडले की फाइल साठवण्याची पद्धत सीपी-१२५२ ही पश्चिम युरोपीय लिपीची असे. त्यात देवनागरी अक्षरे बसतच नाहीत. मराठी मजकूर लिहून फाइल सेव्ह करायला गेले की ही अक्षरे या पद्धतीत साठवता येत नाहीत, असा निरोप समोर येई. दुर्लक्ष केले तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागे. प्राधान्यांच्या पानावर जाऊन यूटीएफ-८ निवडणे हा उपाय होता. पण तो कोणी सांगितला नाही, तर संगणकावर मराठी चालत नाही, असा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थी काढत. २०२२ च्या जूनमधील आवृत्तीपासून नव्या वर्कस्पेसला आपोआप यूटीएफ-८ मिळू लागले. इतकी साधी गोष्ट इतक्या उशिरा व्हावी, याची खंत वाटते. पण ती झाली आणि सगळ्या भाषांसाठी झाली, हेही नोंदवले पाहिजे.

ओहोटी

२०१२ मध्ये जूनो या आवृत्तीने मूळ पायाच बदलला. नवा पाया आखणीत चांगला होता, पण पहिल्या आवृत्तीत तो मंद होता. एडिटरचे एक पान सोडून दुसऱ्यावर जातानाही थांबावे लागते, अशा तक्रारी आल्या. पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. नावाला लागलेला डाग मात्र पुसला गेला नाही. मे २०१३ मध्ये गुगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, तोही इंटेलिजेच्या पायावर. नव्या डेव्हलपरांचा एक मोठा प्रवाह त्या दिवसापासून दुसरीकडे वळला.

खरे कारण त्याहून खोल होते. वेबच बदलले होते. सर्व्हरवरची जावा आणि तिच्यातून तयार होणारी पाने हे चित्र मागे पडून ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट पुढे आला. नोड आले, एनपीएम आले. हजारो लहान फाइलींचे फोल्डर, शेजारी टर्मिनल आणि बदल होताच ताजे होणारे पान, असा नवा रिवाज पडला. एक्लिप्सची जडणघडण जावासाठी झाली होती : आधी वर्कस्पेस, मग प्रकल्प, मग त्याचे वर्गीकरण. शिस्तबद्ध भाषेसाठी जे बळ होते, तेच जावास्क्रिप्टसारख्या सैल भाषेसाठी ओझे झाले. २००८ मध्ये आलेला सब्लाइम टेक्स्ट क्षणात उघडत असे, कुठलेही फोल्डर घेत असे आणि काही विचारत नसे. तरुण वेब डेव्हलपर तिकडे गेले, यात नवल नाही.

संस्थेला हे दिसत नव्हते असे नाही. जानेवारी २०११ मध्येच ओरियन हा प्रकल्प जाहीर झाला होता. वेबचे साधन वेबवरच, म्हणजे ब्राउझरमध्ये असावे, ही त्यामागची कल्पना. कल्पना बरोबर होती आणि काळाच्या पुढेही होती, पण ती लोकांच्या टेबलावर पोहोचली नाही. त्याच वर्षी एरिक गामा मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि झुरिकमध्येच त्यांनी एक छोटा गट जमवला. त्या गटाने ब्राउझरमध्ये चालणारा मोनॅको हा एडिटर घडवला. मोनॅकोला गिटहबच्या इलेक्ट्रॉन या चौकटीत बसवून २९ एप्रिल २०१५ रोजी व्हीएस कोड जाहीर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा कोड खुला झाला.

दोन एडिटर, एकच परंपरा

व्हीएस कोडने एक्लिप्सला हरवले, असे म्हटले जाते. वापराच्या आकड्यांत ते खरे आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत जवळजवळ चारांतले तीन डेव्हलपर व्हीएस कोड वापरत होते. पण रचना पाहिली की दिसते, ते दुसऱ्या घरात पुढे गेलेले एक्लिप्सचेच शहाणपण आहे. लहान गाभा आणि बाकी सगळी जोडणी हे तत्त्व तेच. बदलली ती मोकळीक.

एक्लिप्समध्ये प्लगइन आणि गाभा एकाच प्रक्रियेत चालतात. प्लगइनला जवळजवळ सर्व काही करता येते : नव्या खिडक्या, नवे मेनू, आकृत्यांचे एडिटर, पूर्ण नवे रूप. म्हणूनच बँकांपासून अंतराळ संशोधनापर्यंत लोकांनी त्यातून आपापली साधने उभारली. त्या मोकळिकीची किंमतही तशीच : एक प्लगइन चुकले की सगळी खिडकी गोठते. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन वेगळ्या प्रक्रियेत चालतात आणि त्यांना ठरावीक दारांतूनच आत येता येते. वाईट एक्स्टेन्शन स्वतः अडकले, तरी टायपिंग थांबत नाही. मात्र एडिटरचे रूप हवे तसे पालटायची मुभाही मिळत नाही. मोठ्या जावा प्रकल्पात नाव बदलणे, वारसा शोधणे, चालू कोडमध्ये बदल करून डीबगर पुढे नेणे यात एक्लिप्स आणि इंटेलिजे आजही पुढे आहेत. टाइपस्क्रिप्ट, रिॲक्ट, सीएसएस आणि टर्मिनल यांच्या रोजच्या येरझाऱ्यांत व्हीएस कोड पुढे आहे.

२७ जून २०१६ या तारखेने ही दोन घरे पुन्हा जोडली. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. १० एडिटर आणि २० भाषा म्हणजे २०० जोडण्या. प्रोटोकॉलनंतर भाषेची जाण एका स्वतंत्र सर्व्हरमध्ये ठेवायची आणि एडिटरने त्याला ठरलेल्या भाषेत विचारायचे : या शब्दापुढे काय येऊ शकते, ही व्याख्या कुठे आहे, इथे चूक काय आहे? आता ३० कामांत भागते.

त्याचे फळ दोन्हीकडे गेले. व्हीएस कोडमध्ये जावा लिहिण्यासाठी रेड हॅटचे जे एक्स्टेन्शन सर्रास वापरले जाते, त्याच्या आत एक्लिप्सचाच जावा कंपायलर आणि एक्लिप्सचीच जाण आहे. उलट एक्लिप्समध्ये वाइल्ड वेब डेव्हलपर हे प्लगइन घेतले, तर एचटीएमएल, सीएसएस आणि टाइपस्क्रिप्टसाठी तिथे व्हीएस कोडच्या घरातले भाषा-सर्व्हर काम करतात. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांची तुलना होते, ते आतून एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. हे शक्य झाले, कारण दोन्हीकडचा तो भाग खुला होता.

बाजाराची किल्ली

मग संस्थेपुढे नवा प्रश्न आला. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. आपण जे उतरवून घेतो ते मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतंत्र परवान्याखाली येते. एक्स्टेन्शनच्या अधिकृत बाजाराची अट तर अशी, की तो मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कुळातील उत्पादनांसाठीच आहे. म्हणजे त्याच खुल्या कोडमधून कोणी दुसरा एडिटर घडवला, तर त्याला त्या बाजाराचा दरवाजा बंद. घर खुले, पण बाजाराची किल्ली एकाच हातात.

टाइपफॉक्स आणि एरिक्सन या कंपन्यांनी सुरू केलेला थिया हा प्रकल्प २०१८ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे आला. थियात एडिटर मोनॅकोचाच आहे आणि व्हीएस कोडची एक्स्टेन्शन त्यात चालतात; पण थिया कोणा एकाची मालमत्ता नाही. मार्च २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आर्डुइनोच्या फळ्यांवर काम करणारे विद्यार्थी जे आर्डुइनो आयडीई २ वापरतात, ते थियावरच बांधलेले आहे. आणि डिसेंबर २०२० मध्ये ओपन व्हीएसएक्स हा एक्स्टेन्शनचा खुला बाजार संस्थेच्या ताब्यात आला. व्हीएस कोडच्या खुल्या कोडमधूनच घडवलेले व्हीएसकोडियम तो वापरते, थिया वापरते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले कर्सरसारखे नवे एडिटरही त्यावर अवलंबून आहेत.

हा भार लहान नाही. २०२५ मध्ये या बाजारातल्या काही एक्स्टेन्शनमध्ये घातक कोड सापडला. संस्थेने ती काढून टाकली आणि तपासणी कडक करायला घेतली. खुला बाजार म्हणजे राखणीविना बाजार नव्हे. राखणीला माणसे लागतात, पैसा लागतो. ज्या कंपन्या या बाजारावर आपले एडिटर विकतात, त्यांनी सभासद होऊन हा खर्च उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एडिटरपलीकडे

संस्था आज एका एडिटरपुरती राहिलेली नाही. जेट्टी हा वेब सर्व्हर २००९ मध्ये आणि व्हर्ट.एक्स २०१३ मध्ये तिच्या छायेत आले. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई, म्हणजे सर्व्हरवरच्या जावाची मानके, संस्थेकडे सोपवण्याचे जाहीर केले आणि जकार्ता ईई जन्माला आले. जावा या नावाच्या हक्कांवर मात्र तडजोड झाली नाही. त्यामुळे जकार्ता ईई ९ मध्ये, डिसेंबर २०२० मध्ये, सगळ्या पॅकेजांची नावे javax वरून jakarta अशी बदलावी लागली. जगभरच्या वेब प्रकल्पांत तो बदल हाताने आणि साधनांनी करावा लागला. नावाची मालकी एका कंपनीकडे राहिली की खुल्या कोडलाही काय सोसावे लागते, याचा हा धडा आहे.

२०२१ पासून संस्थेची मुख्य नोंदणी बेल्जियममधील ब्रसेल्स इथे आहे. तिच्याकडे ४०० हून अधिक प्रकल्प आहेत. २०१८ च्या सप्टेंबरपासून एक्लिप्सची आवृत्ती वर्षातून एकदा नव्हे, दर तीन महिन्यांनी येते, आणि आजही तारीख पाळते.

निवड आणि आवाहन

आता तुलनेचा निकाल. जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टवर काम करणाऱ्याने व्हीएस कोड घ्यावे. मालकीचा बंध नको असेल तर व्हीएसकोडियम आणि ओपन व्हीएसएक्स घ्यावे. मोठ्या जावा सर्व्हरवर काम असेल, तर एक्लिप्स किंवा इंटेलिजे. जेटब्रेन्सचे वेबस्टॉर्मही २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. विद्यार्थ्यांनी ते जरूर वापरून पाहावे. आपल्या संस्थेसाठी वेगळे साधन घडवायचे असेल, तर थियाचा विचार आधी करावा. आणि कोणतेही निवडताना वेगाबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात : कोडचा परवाना काय, एक्स्टेन्शन कुठून येतात, आणि मागे कंपनी आहे की संस्था.

अखेरची विनंती आपल्या महाविद्यालयांना आणि तरुण डेव्हलपरांना. एक्लिप्सच्या जावा साधनांचा आणि मूळ पायाचा कोड २०२२ पासून गिटहबवर आहे. थिया आणि ओपन व्हीएसएक्सचाही आहे. योगदानाच्या करारावर एकदा सही केली की कोणालाही सुधारणा पाठवता येते, आणि सातत्याने चांगले काम केले तर मतदानाने कमिटरही होता येते. देवनागरीत लिहिताना कर्सर चुकीच्या जागी जातो, जोडाक्षर तुटते, शोधात शब्द सापडत नाही, असे काही आढळले तर वैतागून गप्प बसू नका. चित्रासह तक्रार नोंदवा, जमले तर दुरुस्तीही पाठवा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आणखी एक हजेरीपट किंवा ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर करण्याऐवजी विभागांनी अशा खऱ्या प्रकल्पातील एक दुरुस्ती विद्यार्थ्यांना नेमून द्यावी. या संस्थेने पाव शतक जे सांभाळले, ते वापरणाऱ्यांच्याही जबाबदारीचे आहे. आपण ते फुकट वापरले. आता थोडे परत करू या.